रेवीचे खांदे

हुहानाकडे फोटो न्यायचा म्हणजे तो गेला असं समजूनच न्यायचा. ती नक्कल काढून घेत नसे. नक्कल काढली की चेहऱ्यावर राख बसते, असं तिचं म्हणणं. मूळ फोटो पालथा घालायचा, मागून पॉलिश पेपरने घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ करायचा, डॉक्टरांच्या सुरीने तिरपा कापायचा आणि मैद्याच्या खळीने दुसऱ्या फोटोवर असा बसवायचा, की वरून बोट फिरवलं तरी कड लागू नये. "कापायची छाती नसेल तर फोटो घरी ठेव आणि मुके घेत बस," असं ती येणाऱ्याला तोंडावर सांगे. आमच्या हापुआ गावात तोंडावर बोलणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, पण हुहानाच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

तरुणपणी ती गिस्बर्न शहरातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. नवऱ्यामुलींच्या तोंडावरच्या पुटकुळ्या पेन्सिलीने आणि कुंचल्याने काढून टाकायच्या, हे तिचं काम. लढाई संपल्यावर काही वर्षांनी स्टुडिओ बंद पडला. मालकाने सगळ्या काचा आणि फिल्मा मागच्या अंगणात जाळल्या आणि हुहाना एक पोतं खांद्यावर टाकून गावी परत आली. पोत्यात लोकांनी काढून घेतलेले पण न्यायला न आलेले फोटो होते. ते तिचं भांडवल.

कपडे धुण्याच्या खोलीत, तांब्याच्या हंड्यावर फळी टाकून, तिचे प्रयोग चालत. एका फोटोत गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे हात, लग्नाच्या फोटोंतून कापलेले, आणि सगळ्या हातांनी मिळून धरलेली एकच किटली. एका फोटोत समुद्रकिनारा, पण वाळूच्या जागी नुसते पाय. आमच्या पाद्रीबाबाला तिने सहा हात दिले आणि सहाही हातांत जेवणाच्या ताटल्या दिल्या. पाद्रीबाबा तो बघून पोट धरून हसला आणि पुढच्या रविवारच्या प्रवचनात त्याने नाव न घेता तिला नरकात पाठवलं. स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता, म्हणून तिने मेलेल्या मावशीचे डोळे, मेलेल्या मामाचं कपाळ, आजीची हनुवटी असं जुळवून आई करायचा प्रयत्न केला. कितीदा केला त्याला गणती नाही. सगळे चुलीत घातले. "आई येत नाही. मावश्याच येऊन बसतात," म्हणाली.

मी कुंपणापलीकडे राहायची आणि तिच्या स्वयंपाकघरात माझी खुर्ची ठरलेली होती, म्हणून हे सगळं मला माहीत. कुणी मला ऐकीव सांगितलेलं नाही.

तिचं खरं पोटापाण्याचं काम मात्र सभाघराच्या भिंतीचं. ती भिंत मेलेल्यांची. जिवंत माणसाचा फोटो तिथे लावणं म्हणजे त्याला वरून बोलावणं धाडणं. आता आजीचा एकुलता एक फोटो असावा आणि त्यात तिच्या मांडीवर नातू बसलेला असावा, असं प्रत्येक घरात होतंच. आजी वर चढण्याआधी नातू खाली उतरवावा लागतो. ते काम हुहानाचं. नातू कापून काढायचा आणि मांडीवर पडलेल्या भोकात झग्याचं कापड भरायचं. आमच्या भिंतीवरच्या निम्म्या आज्यांच्या मांडीवर जे कापड दिसतं ते हुहानाने घातलेलं आहे. कापलेला नातू ती त्याच्या आईच्या हातात द्यायची आणि बजावायची, "हा घरी ने. इथे विसरून जाऊ नकोस." जिवंत आणि मेलेलं एकत्र चिकटवायचं नाही, हा एक नियम ती पाळत असे. बाकीचे तिने देवाचेही पाळले नाहीत.

मग पाओरा बुडाला.

पाओरा हा आरेताचा मुलगा. आरेता म्हणजे सभाघराच्या स्वयंपाकघराची मालकीण म्हणा ना. रताळी किती सोलायची, डुक्कर कधी कापायचं, पाहुण्यांच्या मागे कुणी उभं राहायचं, हे ती ठरवायची, आणि त्याच तोऱ्यात गावातलं बाकीचंही ठरवायची. नवरा लढाईत गेलेला, भिंतीवर लष्करी गणवेशात. हा एकच पोर. शेवंडं धरायला गेला, होडी सापडली, तो सापडला नाही. समुद्राकाठी सगळं गाव दिवसरात्र बसलं. समुद्राने काही परत दिलं नाही.

अंग नसलं तर रडायचं कशावर? आमच्याकडे तीन दिवस मेलेल्याजवळ बसतात, त्याच्याशी बोलतात, जुनी भांडणं काढून भांडतात, कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावतात. अंग नसेल तर त्या जागी फोटो ठेवतात आणि त्या फोटोला हे सगळं करतात. पाओराचा मोठेपणीचा फोटो एकच होता. लोकर कातरायच्या शेडमधला. तोंडात सिगारेट आणि अंगात भोकं पडलेला बनियन.

आरेता तो घेऊन हुहानाकडे आली. दोघी चुलत बहिणी, पण बसायला सांगितल्याशिवाय आरेता कुणाकडे बसत नसे आणि हुहाना कुणाला बसायला सांगत नसे. त्यामुळे सगळं बोलणं उभ्यानेच झालं.

"माझा पोर बनियनवर त्याच्या बापासमोर जाणार नाही," आरेता म्हणाली. "त्याला कोट घाल."

"सिगारेट काढून देते. कोट कुठून आणू?"

"ते तुझं काम. रताळी कशी सोलायची ते मी तुला विचारते का?"

हुहानाने खूप खटपट केली, हे मी सांगते. एका दुकानाच्या कपड्यांच्या पुस्तकातला गृहस्थ कापून बघितला. आरेता म्हणाली, "हा कोण विमा विकणारा? आणि मान गोऱ्याची आहे." बापाचा गणवेश लावून बघितला. "तो लढला नाही. खोटं घालून पाठवू नकोस." मग गावातल्या मेलेल्या पुरुषांचे कोटातले फोटो मागायला दारोदार गेली. मेलेल्याला मेलेला चालतो, त्यात पाप नाही. पण लोकांनी दारातूनच परत पाठवलं. "आमच्या बापाचं मुंडकं उडवून तिथे तुमचा पोर बसवणार होय?" एकाने कसाबसा आपला काका देऊ केला, तर आरेताला त्या काकाचे खांदे पडलेले वाटले. "पाओरा ताठ होता," ती म्हणाली. शेवटी हुहानाने काळ्या झग्याचे तुकडे जोडून कोट बनवला. तो बघून आरेता निघून गेली. पाओरा त्यात चादर पांघरून आजारी बसलेला दिसत होता.

गावोगावच्या पाहुण्यांना कळवायचं राहिलं होतं. आजूबाजूची गावं विचारायला लागली होती, की पाओरावर रडायला कधी यायचं.

एका सकाळी आरेता पुन्हा आली. या वेळी डोक्यावर दुःखातली हिरवी पानं बांधलेली. दारातूनच तिने हात पसरले आणि हुहानाच्या नाकाला नाक लावून रडायला लागली. बोलली ते रडता रडताच. गिस्बर्नला बोटीवरून उतरलेला एक माणूस तिला भेटला होता. सिडनीत आपल्याकडचा रेवी नावाचा गडी इमारतीच्या परांचीवरून पडून मेला, तिथेच पुरला, असं त्याने सांगितलं.

रेवी म्हणजे हुहानाचा धाकटा भाऊ. कित्येक वर्षांपूर्वी सिडनीला बांधकामावर गेला तो गेलाच. पत्र नाही, पैसा नाही. आई गेली तेव्हाही आला नाही. गाव त्याच्या नावाने थुंकायचं आणि हुहाना गावाबरोबर थुंकायची, पण दर नाताळला एक ताटली जास्त मांडायची. ती उभी होती ती खाली जमिनीवर बसली. आरेता तिच्याशेजारी बसली, सांगितल्याशिवाय बसली, आणि तिला छातीशी धरून पाठीवरून हात फिरवत राहिली. ती मिठी मला तेव्हा खरी वाटली. अजूनही वाटते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

रडणं ओसरल्यावर आरेता म्हणाली, "तुझ्याकडे त्याचा लग्नातला फोटो आहे ना? कोटातला?"

हुहानाने मान वर केली.

"दोघं मामाभाचेच की गं. पाठमोरे उभे राहिले तर मलाही कळायचं नाही कोण कुणाचा. दोघांचंही अंग आपल्याला मिळालेलं नाही. एकाचं तोंड, एकाचे खांदे. दोघांवर एकदम रडू. तुझा भाऊ तिकडे एकटा पुरलाय, त्याच्यावर रडायला तिथे कोण बसलंय?"

रेवीचा तेवढाच एक फोटो होता. बायको पळून गेली तेव्हा तिला त्यातून हुहानाने आधीच कापून काढलं होतं. काळा कोट, पांढरं फूल, आणि वरचं बटण वेगळं, कारण लग्नाच्या सकाळी ते तुटलं आणि हुहानाने स्वतःच्या झग्याचं शिवून दिलं. "नक्कल काढून घे आधी. गिस्बर्नला पाठव," मी म्हटलं. ती म्हणाली, "लोकांना एक सांगायचं आणि आपल्या घरी दुसरं करायचं, असं मी करत नाही." असला ताठा माणसाला कुठे नेतो ते पुढे दिसलंच.

तिने भावाचं डोकं गळ्यापासून वेगळं केलं. हात हलला नाही. कॉलर नेमकी अशी आली, की सांधा कॉलरमागे गेला. मी तिच्या हातचं पुष्कळ काम बघितलं आहे, पण तसं पुन्हा बघितलं नाही. पाओरा त्या कोटात जन्मल्यासारखा उभा होता. उरलेलं डोकं तिने बायबलमध्ये ठेवून दिलं.

तीन दिवस गाव रडलं. आरेता फोटोला सांगायची, "समुद्राला म्हणावं माझा पोर मला परत मिळाला, तू तुझी शेवंडं ठेव." हुहाना शेजारी बसून हळू आवाजात कोटाशी बोलायची. मग फोटो बापाच्या शेजारी भिंतीवर चढला. हुहानाला लोकांनी पहिल्यांदाच हात धरून जेवायला पुढे बसवलं.

त्याच वर्षी, लोकर कातरायचे दिवस सुरू झाले तेव्हा, दुपारच्या बसमधून रेवी उतरला.

घरी न जाता तो आधी सभाघरात गेला, कारण पाओरा गेल्याचं त्याला सिडनीत कळलं होतं आणि आधी रडायचं, मग बाकीचं, एवढी रीत तो विसरला नव्हता. आत आम्ही चारपाच बायका चटया झटकत होतो. आमच्या हातातल्या चटया हातात राहिल्या. तो आमच्याकडे न बघता भिंतीपाशी गेला, पाओराच्या काचेला नाक लावलं आणि पुष्कळ वेळ रडला. मग बाहीने नाक पुसलं, एक पाऊल मागे आला, आणि म्हणाला, "हा कोट माझा आहे."

हुहानाला कुणीतरी बोलावून आणलं. तिने आधी त्याच्या मुस्काटात मारली आणि मग नाक लावलं.

"ताई," तो म्हणाला, "बटण तुझ्या झग्याचं आहे. बाकीचा मी कुठे आहे?"

"बायबलमध्ये."

"तिथे मी पहिल्यांदाच गेलो असेन."

ती हसली. तो आठवडाभर हसत होता. परांचीवरून पडला होता तो कुणी दुसराच. रेवी गावात राहायलाच आला होता. सिडनीत आता पुरे झालं, म्हणाला, आईच्या जागेवर एक खोली बांधतो, शेवंडं धरतो आणि इथेच मरतो. हापुआत मरायचं, एवढंच त्याने मागितलं. ते काही फार नव्हतं.

पण तो भिंतीवर होता. म्हाताऱ्यांची बैठक बसली. इहाया आजोबा सगळ्यांत वडील. त्यांनी विचार करून सांगितलं, की फोटो म्हणजे चेहरा. चेहरा पाओराचा आहे, म्हणजे भिंतीवर पाओराच आहे. शिवाय त्या फोटोवर तीन दिवस रडून झालं आहे, आता तो उतरवता येत नाही. मग त्यांनी रेवीच्या डोक्यावर आणि दोन्ही खांद्यांवर पाणी शिंपडलं, मंत्र म्हटले आणि आता कुणी भिऊ नये असं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन भ्यायला सुरुवात केली.

शेडमध्ये गडी म्हणायचे, "रेवी, चहा तू पिणार की वरचा?" कुणी म्हणायचं, "याच्याशी पैज लावू नका रे, अर्धा निघून गेलाय." तो हसायचा. मग त्याच्या कपात दुसरं कुणी पिईना. होडीत त्याच्याबरोबर कुणी बसेना, समुद्राला बाकीचा अर्धा हवा असेल म्हणून. हेही त्याने सोसलं असतं. पण त्याला पोरांचा भारी नाद. आल्या दिवसापासून दोन दोन पोरं खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर पळायचा. एका दुपारी माझ्या डोळ्यांसमोर एक आई धावत आली आणि तिने त्याच्या खांद्यावरून आपली मुलगी खेचून खाली घेतली. मुलगी रडायला लागली, तशी आईने तिचे पाय, जिथे त्याच्या खांद्याला लागले होते तिथे, समुद्राच्या पाण्याने धुतले. रेवी बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्याच आयांनी पोरं आवरली.

"ताई, मला खाली उतरव," तो त्या रात्री जेवताना म्हणाला. तेव्हा तो हसला नाही.

सकाळी हुहाना आरेताकडे गेली, मला बरोबर घेऊन. आरेता सभाघराच्या स्वयंपाकघरात रताळी सोलत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"आरेता, मला तो फोटो दे. मी पाओराला दुसरे खांदे देते. काय वाटेल ते करते."

"दुसरे खांदे असते तर तेव्हाच दिले असतेस."

"माझा भाऊ जिवंत आहे. तू मला मेला म्हणून सांगितलंस."

"मला जे सांगितलं ते मी तुला सांगितलं."

"दुसऱ्या कुणाला विचारलंस का? सिडनीला कुणाला कळवलंस? पत्ता मिळाला असता."

आरेताने एक रताळं सोलून पाण्यात टाकलं. "नाही विचारलं," ती म्हणाली. "विचारलं असतं आणि तो जिवंत निघाला असता, तर तुला भाऊ मिळाला असता. मला काय मिळालं असतं? बनियन." मग दुसरं रताळं घेतलं. "मी त्या खांद्यांवर डोकं ठेवून रडले आहे, हुहाना. तू ते कापून काढणार म्हणजे माझ्या पोराला दुसऱ्यांदा पाण्यात टाकणार. तुझा तर जिवंत आहे ना? जेवतो, झोपतो, हसतो. मग आणखी काय पाहिजे तुला?"

हुहाना, जी पाद्रीबाबाचंही ऐकत नसे, ती गुडघ्यावर बसली. मी तिच्या दंडाला धरून उठवायला बघितलं, ती उठेना. आरेता तिला ओलांडून गेली आणि पाणी बदलून आली.

रेवी त्याच आठवड्यात बसने गेला. निघताना म्हणाला, "तिकडे मी पूर्ण आहे, ताई." ती बस वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली आणि मग घरी येऊन तिने कपडे धुण्याच्या खोलीतले सगळे फोटो, किटलीचा, पायांचा, सगळे, भिंतीवरून काढून उलटे लावले.

त्यानंतर सभाघरात जेव्हा जेव्हा मयत झालं, तेव्हा तेव्हा तिला पाओराखाली बसावं लागे, कारण तिच्या घराण्याची जागाच तिथे. ती वर बघत नसे. आरेता मुद्दाम वर बघून म्हणायची, "बघ कसा दिसतोय."

काही वर्षांनी सिडनीहून एक पिशवी आली. या वेळी खरं होतं. रेवी एका खोलीत एकटा मेला, कुणाचा कोण ते कळलं नाही, सरकारने पुरला, आणि सहा महिन्यांनी कुणाला तरी पिशवीत हापुआ लिहिलेलं सापडलं. पिशवीत एक तपकिरी कोट, दाढीचं सामान आणि जोडे होते.

तिच्याजवळ अंग नव्हतं आणि फोटोही नव्हता. भावाला गावात आणून त्याच्यावर रडायचं तर काय ठेवून रडायचं? बायबलमधलं डोकं घेऊन ती सभाघरात, म्हाताऱ्यांची बैठक बसली होती तिथे, आरेताकडे गेली. इहाया आजोबा तोवर वारले होते.

"आण की त्याला," आरेता म्हणाली. "कोण नाही म्हणतंय? फोटो आण."

"डोकं आहे फक्त. तुला माहीत आहे बाकीचं कुठे आहे ते."

"नुसतं मुंडकं घेऊन येणार सभाघरात? हे काय खाटकाचं दुकान आहे?"

"इहाया आजोबांनी सांगितलं होतं, फोटो म्हणजे चेहरा."

"इहाया आजोबा गेले."

नियम कुणासाठी कसा वळतो हे मी आयुष्यभर बघत आले आहे, पण इतका उघड्यावर वळलेला तेव्हाच बघितला. आणि बैठकीतले बाकीचे, दाढ्या खाजवत बसलेले, एकजण तोंड उघडेल तर शपथ. पुन्हा मेलेल्यांचे कोट मागायला हुहाना गेली नाही. दुकानाच्या पुस्तकातला विमेवालाही तिने काढला नाही. एके दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. अंगात रेवीचा तपकिरी कोट, केस मागे घट्ट बांधलेले. माझा डबा कॅमेरा घेऊन ये म्हणाली आणि शेडच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"उजेड डावीकडून पाहिजे. त्याच्या तोंडावर डावीकडून आहे," ती म्हणाली. "गळ्यापासून खाली घे. तोंड नको."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला. "हुहाना, तू जिवंत आहेस."

"ते मला माहीत आहे."

"आणि तू स्वतःला त्या भिंतीवर चढवणार?"

"त्याला कुणाचे तरी खांदे लागतील. गावात मागून मिळत नाहीत." मग चिडली. "घाई कर, ऊन जातंय."

मी फोटो काढला. मी काढला नसता तर तिने दुसऱ्या कुणाकडून काढून घेतला असता, हे मला आजही पक्कं माहीत आहे. गिस्बर्नहून मोठा करून आणला. तिने मागून घासला, सुरीने तिरपा कापला, आणि भावाचा चेहरा स्वतःच्या गळ्यावर बसवला. हात आता थोडा कापायचा. सांधा कॉलरमागे लपला नाही, एक बारीक रेघ राहिली. तिने ती कुंचल्याने झाकली नाही.

फोटो छातीशी धरून ती सभाघराच्या फाटकाशी उभी राहिली तेव्हा मी आणि आणखी दोघी तिच्यामागे होतो. खांदे असलेला फोटो आरेताला नाकारता येईना. आतून बायकांनी आवाज दिला, आम्ही आत गेलो. चटईवर फोटो ठेवला आणि सगळं गाव एकेक करून पुढे आलं. ज्यांनी पोरं खाली खेचली होती त्या आया आल्या. शेडमधले गडी आले. रेवीवर सगळे मनापासून रडले. मेल्यावर तो सगळ्यांचा झाला होता. पण तो कोट भरून उभ्या असलेल्या खांद्यांकडे बघितलं की प्रत्येकाचं रडणं जरा थांबायचं आणि नजर चटईवरून उठून शेजारी बसलेल्या हुहानावर जायची. सगळ्यांना कळलं होतं.

आरेता सगळ्यांत जास्त रडली. मग डोळे पुसून हुहानाला म्हणाली, "खांदे बायकी झाले." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "असू दे. तू आपणहून चढलीस. तुला कुणी ढकललं नाही."

फोटो दाराजवळ, अगदी टोकाला लावला.

त्यानंतर तिच्याकडे कुणी फोटो घेऊन आलं नाही. आज्यांच्या मांडीवरचे नातू लोक गिस्बर्नला जाऊन उतरवायला लागले. स्वयंपाकघरात तिचा कप वेगळा झाला, मग मीठ वेगळं झालं, मग तिला कामच सांगेनासे झाले. पोरं तिच्या कुंपणावरून दगड टाकून बघायची, ती बाहेर येते की येत नाही. आणि हुहाना काही मरत नव्हती. गावाला वाटलं होतं वर्षभरात निकाल लागेल. लागला नाही. दातही चांगले होते. पुढे पुढे तर ती मरत नाही याचा लोकांना राग यायला लागला, जणू तिने कबूल करून फसवलं होतं. मयताला ती आली की माणसं आधी दाराजवळच्या फोटोकडे बघायची, मग तिच्याकडे, आणि कुणीतरी दुसऱ्याच्या कानात म्हणायचं, "अजून?"

रोज संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. एकदा मी विचारलं, पस्तावतेस का. म्हणाली, "कॉलर एक दोरा खाली घ्यायला हवी होती."

ती गेली ती पुष्कळ म्हातारी होऊन. तीन दिवस तिच्या पेटीजवळ मी आणि तिच्या आईकडचे दोनचार पाहुणे बसलो. माझ्याकडे तिचा एक चांगला फोटो होता. हातात किटली, तोंड वाकडं करून मला काहीतरी सुनावत असलेली. मी तो चौकटीत घालून, मातीचं सगळं उरकल्यावर, सभाघरात घेऊन गेले. तिथल्याच खोक्यातला खिळा आणि हातोडीही घेतली होती.

आरेता खुर्चीत बसली होती. तिला दिसत कमी होतं, पण पाऊल ऐकून माणूस ओळखायची.

"काय आणलंस?"

"हुहानाचा फोटो."

"तिचा कशाला आणखी?" आरेता म्हणाली. "ती आहेच की वर."

मी बाकीच्यांकडे बघितलं. कुणी चटया गुंडाळत होतं, कुणी कप गोळा करत होतं. एक बाई माझ्या हातातली हातोडी घेऊन, जिथली होती तिथे, खोक्यात ठेवून आली.

मी फोटो घरी आणला. माझ्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर नातवंडांचे आणि पतवंडांचे फोटो आहेत, सगळी जिवंत, आणि त्यांच्या मधोमध हुहाना किटली घेऊन उभी आहे. सुना घाबरतात, पोरांवर काही येईल म्हणतात. मी त्यांना सांगितलं आहे, ज्याला भीती वाटत असेल त्याने आपलं पोर उचलून न्यावं. दोघींनी नेलं. तिसरी अजून विचार करते आहे.